विमान तटस्थ असते का?
(दोन युद्धपुस्तकांच्या निमित्ताने)

गेल्या वर्षी सुक्कोथचा सण आटोपल्यावर मी दोन महिने सिंगापूरला मुलीकडे जाऊन राहिलो. मुलगी व जावई नोकरीनिमित्त तेथे नोव्हेना नावाच्या भागात राहतात. मुंबईकर वाचकांना माहीमची बुधवारची नोव्हेना ठाऊक आहेच. येथेही जवळच्या कॅथलिक चर्चमध्ये चालणाऱ्या नोव्हेना प्रार्थनेवरूनच या भागाला हे नाव पडले. दिवसभर घरात दुसरे काम नसल्याने मी दोन इंग्रजी पुस्तके वाचली. एक फ्रेडी स्पेन्सर चॅपमन यांचे ‘द जंगल इज न्यूट्रल’, म्हणजे ‘जंगल तटस्थ असते’. हे १९४९ साली प्रसिद्ध झाले. दुसरे टेरेन्स ओब्रायन यांचे ‘द मूनलाइट वॉर’, म्हणजे ‘चांदण्यातले युद्ध’. ते १९८७ सालचे. दोन्ही पुस्तके दुसऱ्या महायुद्धाच्या एकाच कामगिरीच्या दोन बाजू सांगतात. चॅपमन हे जंगलात राहून वर आकाशाकडे डोळे लावून बसलेले गृहस्थ, तर ओब्रायन हे आकाशातून खाली अंधारात पाहणारे वैमानिक.

जुनी पुस्तके आता कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण घरगुती आहे. अश्दोदला राहणारा माझा नातू सध्या सैन्यात आहे. त्याला लढाऊ तुकडी हवी होती, पण मिळाले वाहतुकीच्या विमानात सामान चढवण्याचे काम. रजेवर घरी आला की तो मान खाली घालून बसतो. एकदा मला म्हणाला, ‘‘आजोबा, तुम्ही सगळ्यांना सांगता नातू हवाई दलात आहे. पण मी तिथे हमाल आहे.’’ त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठीच मी ही पुस्तके हाती घेतली, हे वाचकांस आधीच सांगून ठेवतो. म्हणजे माझ्या मतात माझी माया किती मिसळली आहे, ते ज्याचे त्याने वजा करावे.

प्रथम या विमानपथकांची हकिकत सांगणे अवश्य आहे, कारण ती आपल्या ओळखीच्या गावांतून जाते. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि ब्रह्मदेश, मलाया, सिंगापूर हा सारा मुलूख जपान्यांच्या हाती गेला. शत्रूच्या पाठीमागे गुप्तपणे माणसे, बिनतारी यंत्रे व शस्त्रे पोचवण्यासाठी इंग्रजांनी जी संघटना उभारली, ती पुढे ‘फोर्स १३६’ या नावाने ओळखली गेली. तिची एक शाळा पुण्याजवळ खडकवासल्याला होती. मलायात पाठवायच्या चिनी तरुणांनी घातपाताचे आणि हेरगिरीचे धडे तेथे गिरवले. पुण्याच्या आपल्या मंडळींनी ज्या धरणावर रविवारी डबे नेऊन सहली केल्या, त्याच पाण्याच्या काठी हे चालले होते आणि त्याचा कोणाला पत्ता नव्हता! स्वातंत्र्यानंतर त्याच परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली आणि आपल्या समाजाचे बेंजामिन अब्राहम सॅमसन, जे पुढे व्हाइस अॅडमिरल झाले, ते तिचे प्रमुख होते. पॅराशूटने उडी मारण्याचे शिक्षण मात्र रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे मिळे.

माणसे तयार झाली, पण ती पोचवायची कशी? त्यासाठी १ फेब्रुवारी १९४४ रोजी बंगालमधील डिग्री येथे ब्रिटिश हवाई दलाची ३५७ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. आधीची १५७६ क्रमांकाची छोटी तुकडी वाढवून ती केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात ती जेसोरला गेली, जे आता बांगलादेशात आहे. तिच्याजवळ हडसन, लिबरेटर व पुढे डाकोटा अशी विमाने होती. १९४५ साली छोटी लायसँडरही आली. ब्रह्मदेशात शेतातल्या एखाद्या आखूड पट्टीवर उतरून माणूस उचलून आणण्याचे काम ती करीत. नोव्हेंबर १९४४ मध्ये म्हैसूर संस्थानातील कोलार येथे ३५८ क्रमांकाची दुसरी स्क्वाड्रन निघाली. तिच्याकडे लिबरेटर होती. आरंभी ती बॉम्बफेकीसाठी होती, पण लवकरच तिलाही हेच गुप्त काम लावले गेले. १९४५ च्या उन्हाळ्यात सिलोनहून उडणारी १६० क्रमांकाची स्क्वाड्रनही मलायाच्या कामाला लागली. युद्ध संपताच, नोव्हेंबर १९४५ मध्ये, ३५७ आणि ३५८ या दोन्ही मोडण्यात आल्या. ३५७ चे आयुष्य उणेपुरे पावणेदोन वर्षांचे, तर ३५८ चे एका वर्षाचे. इतक्या अल्पायुषी पथकांना इतिहासात फारशी जागा मिळत नाही.

आता या कामाचे स्वरूप पाहू. जेसोरहून मलायातील पेराकचे जंगल सुमारे दीड हजार मैल. सिलोनहून दक्षिणेकडच्या जोहोरला जायचे तर सुमारे सोळाशे मैल. हे एका बाजूचे अंतर आहे. वाटेत उतरायला जागा नाही, खाली समुद्र किंवा शत्रू. डाकोटाचा पल्ला इतका नव्हता, म्हणून मलायाचे काम लिबरेटरकडे आले. तेही जादा पेट्रोलच्या टाक्या घेऊन. टाकी वाढवली की ओझे कमी करावे लागे, ओझे वाढवले की परतीचे पेट्रोल कमी पडे. दूरच्या फेऱ्यांना वीस तासांहून अधिक वेळ लागे. दिशा ठरवायची ती ताऱ्यांवरून आणि गणितावरून. चांदण्या रात्रीच सोयीच्या, म्हणून ओब्रायन यांच्या पुस्तकाचे ते नाव. मग दऱ्याखोऱ्यांत शिरून खाली ठरलेल्या आकारात पेटवलेल्या शेकोट्या शोधायच्या. त्या दिसल्या तर काही शे फुटांवर उतरून पोटाखालच्या भोकातून माणसे आणि पेट्या सोडायच्या. दिसल्या नाहीत तर सारे ओझे घेऊन तसेच परत फिरायचे. वळिवाचे ढग आणि डोंगर हे शत्रूच्या तोफांइतकेच घातक होते.

हे गणित ध्यानात घेतले म्हणजे चॅपमन यांचे पुस्तक वेगळ्या नजरेने वाचता येते. चॅपमन हे गिर्यारोहक आणि शाळामास्तर. सिंगापुरात घातपाताच्या शाळेत ते शिकवीत असत. जपानी फौजा उतरल्यावर ते मुद्दाम मागे राहिले. १९४२ च्या आरंभी दोन साथीदारांसह त्यांनी रेल्वे रूळ आणि पूल उडवण्याचा जो सपाटा लावला, तो भाग कोणत्याही कादंबरीपेक्षा सरस आहे. पुढे तीन वर्षे हिवताप, जळवा, उपासमार, साथीदारांचे मृत्यू, जपान्यांच्या हाती सापडणे आणि निसटणे हे सारे त्यांनी कसलाही आव न आणता लिहिले आहे. फील्ड मार्शल वेव्हेल यांची प्रस्तावना पुस्तकाला आहे आणि तिची शोभा वाढवण्याची गरज पुस्तकाला नाही. पुस्तकाचे सूत्र नावातच आहे. जंगल कोणाच्या बाजूचे नसते. जो त्याला वैरी समजतो तो भीतीने मरतो, जो मन शाबूत ठेवतो तो तरतो.

चॅपमन यांचा हा विचार त्यांच्यापुरता खरा आहे. पण त्यांच्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे ते हवे तितके लक्ष देत नाहीत. मे १९४३ मध्ये जॉन डेव्हिस आणि त्यांचे चिनी सहकारी पाणबुडीने मलायात आले. नोव्हेंबरात सिंगापूरचे व्यापारी लिम बो सेंग आले. वर्षअखेर त्यांनी जंगलातील कम्युनिस्ट गनिमांशी करार केला. तुम्ही आम्हांला साथ द्या, आम्ही तुम्हांला शस्त्रे, औषधे, पैसे देतो. करार झाला, पण माल कुठे होता? मार्च १९४४ मध्ये लिम बो सेंग पकडले गेले आणि छळ सोसूनही नाव न फोडता २९ जून १९४४ रोजी बाटू गाजाच्या तुरुंगात वारले. त्यांच्या सहकाऱ्यांचे जाळे फाटले. सिलोनशी बिनतारी संपर्क जुळला तो १९४५ च्या फेब्रुवारीत. म्हणजे वर्षाहून अधिक काळ तो करार नुसत्या कागदावर राहिला. मन शाबूत होते, जंगल तटस्थ होते, शौर्यही होते. मधले दीड हजार मैल तेवढे ओलांडता येत नव्हते.

१९४४ च्या डिसेंबरात उत्तर पेराकमध्ये पहिली तुकडी पॅराशूटने उतरली. फेब्रुवारी १९४५ च्या अखेरीस डेव्हिस व चॅपमन यांच्या लोकांसाठी माणसे आणि सामान पडले. मे महिन्यात चॅपमन किनाऱ्यावर येऊन पाणबुडीने सिलोनला पोचले. पुस्तकात विमान येते ते असे शेवटाकडे, आणि येते तेही आवाज म्हणून. आधी दूरवर घरघर, मग शेकोट्यांची धावपळ, मग आकाशात उमलणाऱ्या छत्र्या, आणि मग पुन्हा शांतता. वाचक चॅपमन यांच्याबरोबर खालीच उभा असतो. वरच्या विमानाला अजून परतीचे आठ-दहा तास उडायचे आहे, ही गोष्ट त्याच्या मनातही येत नाही. याला मी पुस्तकाचा दोष म्हणणार नाही. जंगलातल्या माणसाला आकाश तेवढेच दिसते. पण हे पुस्तक गाजले आणि मलायाच्या गुप्त युद्धाचे ते जणू एकमेव चित्र होऊन बसले, तेव्हा त्यातली उणीव मोजणे हे समीक्षकाचे कर्तव्य आहे.

ती उणीव भरून काढायला ओब्रायन यांचे पुस्तक आहे. ते स्वतः ३५७ स्क्वाड्रनचे वैमानिक. घटनांनंतर चाळीस वर्षांनी, डोके थंड झाल्यावर, त्यांनी लिहिले. त्यांची लेखणी तिखट आहे. त्यांचा राग शत्रूवर फारसा नाही. तो आहे गुप्त कारभार चालवणाऱ्या कचेऱ्यांवर. या भागात एक नव्हे, अनेक गुप्त संघटना होत्या. इंग्रजांच्या वेगळ्या, अमेरिकनांच्या वेगळ्या, हेरगिरीच्या वेगळ्या, घातपाताच्या वेगळ्या. एकीचा दुसरीला सुगावा लागू नये म्हणून त्या झटत आणि विमाने मात्र सर्वांना एकाच ठिकाणची हवी असत. वैमानिकाला यातले काही सांगितले जात नसे. मागे बसलेला प्रवासी कोण, त्याचे खरे नाव काय, तो कशाला चालला आहे, हे विचारायचे नाही. हा उपहास वाचताना मला आपल्या समाजातील संस्थांची आठवण झाली आणि हसू आले. चार संस्था, चार अध्यक्ष आणि खुर्च्या लावणारा माणूस एकच!

ओब्रायन यांच्या पुस्तकाचे मोल हे की ते पराक्रमाचा डांगोरा पिटत नाही. उड्डाण म्हणजे काय, हे ते कामगाराच्या भाषेत सांगते. तरीही माझ्या मते एका ठिकाणी ते कमी पडते. त्यांचा उपहास नेहमी वरच्या दिशेने जातो, साहेबांकडे. विमानाच्या भोकातून जे खाली गेले, त्याचे पुढे काय झाले, याचा हिशेब तितक्या कसोशीने मांडलेला मला जाणवला नाही. आणि १९८७ साली तो हिशेब मांडण्याजोगा होता.

तो थोडक्यात असा. मलायात ज्यांना शस्त्रे दिली ती प्रामुख्याने चिनी कम्युनिस्टांची जपानविरोधी फौज होती. डिसेंबर १९४५ मध्ये ती विसर्जित झाली. बरीच शस्त्रे परत दिली गेली, पण काही जंगलात लपवून ठेवलेली राहिली. जून १९४८ मध्ये त्याच कम्युनिस्टांनी इंग्रजांविरुद्ध लढा सुरू केला आणि तो १९६० पर्यंत चालला. त्यांचा पुढारी चिन पेंग हा युद्धकाळात डेव्हिस आणि चॅपमन यांचा मदतनीस होता. युद्धानंतर त्याला इंग्रजांनी किताब दिला होता आणि पुढे त्याच्याच डोक्यावर बक्षीस लावले. ब्रह्मदेशात कारेन डोंगराळ लोकांना ‘कॅरेक्टर’ नावाच्या मोहिमेत शस्त्रे व अधिकारी पोचवले गेले. ते काम ३५७ ने केले. १९४५ साली टाँगू शहराकडे निघालेल्या जपानी फौजेला कारेनांनी वाटेत अडवून धरले. त्यामुळे इंग्रजांचा रंगूनचा मार्ग सुकर झाला. पण इंग्रज गेले, कारेनांना वेगळे राज्य काही मिळाले नाही आणि जानेवारी १९४९ पासून त्यांचे बंड पेटले, ते पुढे अनेक दशके विझले नाही.

तेव्हा चॅपमन म्हणतात जंगल तटस्थ असते. मग विमानही तटस्थ असते का? वैमानिकाने पेटीत काय आहे ते विचारायचे नाही, बंदूक असो की कोयनेल, ठरल्या शेकोटीवर सोडायचे आणि परतायचे, एवढ्याने तो हिशेबातून सुटतो का? ही दोन्ही पुस्तके वाचून मला पडलेला खरा प्रश्न हाच. याचे उत्तर मला पुस्तकांत मिळाले नाही. ते नोव्हेनाच्या आसपास मिळाले.

नोव्हेनाच्या थॉमसन रस्त्यावर १९०४ पासून यहुदी कबरस्तान होते. सिंगापूरचे यहुदी बहुतेक बगदादी. त्यांची दोन प्रार्थनालये, १८७८ चे मघेन अबोथ आणि १९०५ चे खेसेद एल, आजही उभी आहेत. कबरस्तान मात्र आता नाही. एम.आर.टी. रेल्वेसाठी ऐंशीच्या दशकात तेथील अस्थी उकरून चोआ चू कांग येथे नेण्यात आल्या आणि १२ डिसेंबर १९८७ रोजी नोव्हेना स्टेशन सुरू झाले. मी रोज सकाळी भाजी आणायला त्याच रस्त्याने जात असे. नवगाव, रेवदंड्याची आपली जुनी कबरस्तानेही समाज निघून गेल्यावर राखायला माणूस उरला नाही, हे मनात येऊन पाय जड होत.

याच थॉमसन रस्त्याने उत्तरेकडे गेले की मॅकरिची तलाव लागतो आणि त्याच्या पलीकडे सीम रोड. युद्धकाळात तेथे छावणी होती. चांगी तुरुंगातील युरोपियन नागरिक कैद्यांना मे १९४४ मध्ये तेथे हलवले. सिंगापूरच्या यहुदी पुरुषांना एप्रिल १९४३ मध्येच चांगीला कोंडले होते. मार्च १९४५ मध्ये बाकी राहिलेल्या बायकामुलांनाही सीम रोडला नेण्यात आले. म्हणजे ज्या महिन्यांत लिबरेटर पेराकच्या जंगलात शस्त्रे टाकत होती, त्याच महिन्यांत आपल्या धर्माची ही कुटुंबे सिंगापुरात तारेच्या कुंपणाआड उपाशी बसली होती. त्यांच्यासाठी कोणी शेकोटी पेटवून ठेवली नव्हती.

१५ ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली. सप्टेंबरात मलायावर मोठी स्वारी होणार होती, सारी शस्त्रे त्यासाठीच टाकली जात होती. ती लढाई मग झालीच नाही. पण इंग्रज फौज सिंगापूरला पोचायला ५ सप्टेंबर उजाडले. मधल्या तीन आठवड्यांत कैद्यांचे काय? जपानी शिपाई छावण्यांत अजून होतेच. ऑगस्टच्या अखेरीस विमानांनी छावण्यांवर पत्रके टाकली. युद्ध संपले आहे, जागीच थांबा, मदत येत आहे. या कामाचे नाव ‘बर्डकेज’, म्हणजे पिंजरा. त्यापाठोपाठ ‘मॅस्टिफ’ नावाच्या कामात अन्न, औषधे, कपडे आणि डॉक्टर पॅराशूटने उतरवले. बॉम्ब टाकणारी लिबरेटर पथके यात होती आणि आमची गुप्त कामाची पथकेही होती. तेच विमान, तेच भोक, भोकाशी बसून पेट्या ढकलणारा तोच पोरगा. जुलैत त्याने बंदुका ढकलल्या, सप्टेंबरात औषधाच्या पेट्या ढकलल्या. आणि दोन्ही वेळा खाली कोण आहे ते त्याला दिसले नाही.

मला वाटते, उत्तर येथे आहे. विमान तटस्थ असते, जसे जंगल तटस्थ असते. पाठवणारा आणि घेणारा हे मात्र तटस्थ नसतात. मधला पोचवणारा दोहोंच्या बरोबर मध्ये उभा. सन १९४८ च्या रक्तपाताचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही, कारण निवड त्याची नव्हती. पण त्याच न्यायाने सप्टेंबरच्या पुण्याचाही त्याला वाटा नाही म्हणावे, तर मन ते मानत नाही. पाऊस, डोंगर, अंधार यांतून पेटी ठरल्या जागी पडावी म्हणून त्याने जी काळजी घेतली, ती बंदुकीच्या वेळी आणि औषधाच्या वेळी सारखीच होती. ती काळजी त्याची स्वतःची. ती ना साहेबांनी दिली, ना कम्युनिस्टांनी घेतली. चॅपमन ज्याला मनाची ठेवण म्हणतात, ती जंगलात एकट्याने तगून राहणाऱ्याचीच असते असे नाही. वीस तास दोर धरून बसणाऱ्याचीही असते. चॅपमन यांनी आपल्या सूत्राची ही दुसरी बाजू पाहिली नाही आणि ओब्रायन यांनी पाहिली, पण उपहासाच्या भरात ती मोठ्याने सांगितली नाही.

परत निघण्यापूर्वी एका सकाळी मी नोव्हेना स्टेशनावर त्या लाल मार्गाच्या गाडीत बसलो आणि गाडी न बदलता क्रांजीला उतरलो. तेथे युद्धातील मृतांचे स्मारक आहे. ते २ मार्च १९५७ रोजी खुले झाले. टेकडीवर खांबांच्या रांगा, वर विमानाच्या पंखांसारखे छत. ज्यांची कबर कुठेच नाही अशा चोवीस हजारांहून अधिक माणसांची नावे भिंतींवर कोरली आहेत. त्यांत आपल्याकडचे हिंदी शिपाई पुष्कळ. दहन झालेल्या सुमारे ८०० जणांचे निराळे स्मारकही आहे, त्यांतही बहुतेक हिंदी फौजेचेच. आणि दक्षिण व पूर्व आशियाच्या आकाशात कोठेही नाहीशा झालेल्या वैमानिकांची नावेही येथेच आहेत. ब्रह्मदेशाच्या डोंगरात आदळलेला असो की बंगालच्या उपसागरात बुडालेला, नाव क्रांजीला. लिम बो सेंग यांचे स्मारक शहरात समुद्रकाठी, १९५४ पासून, सर्वांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे आणि ते असावेच. पोचवणाऱ्यांची नावे मात्र गाडीच्या वाटेने तासाभरावर, खांबांच्या सावलीत. मी एका खांबापाशी उभा राहून हसकाबा म्हटला. एकट्याने म्हटला तर चालतो की नाही, हे खाखामांना विचारायला हवे होते. असो.

आपण इस्राएलमध्ये राहतो, तेव्हा ही गोष्ट केवळ इंग्रजांची म्हणून सोडून देता येत नाही. हन्ना सेनेश हे नाव आपल्या नातवंडांना शाळेत पाठ करून घेतात. १९४४ च्या मार्चमध्ये ती युगोस्लाव्हियात पॅराशूटने उतरली, पुढे हंगेरीत पकडली गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिला गोळी घालण्यात आली. तिला त्या रात्री ब्रिटिश विमानातून घेऊन जाणारे कोण होते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? एन्टेबीचे घ्या. १९७६ च्या जुलैत चार हर्क्युलिस विमाने चार हजार किलोमीटरहून दूर गेली आणि ओलिसांना घेऊन परतली. योनी नेतन्याहू हे नाव घराघरांत आहे. तो तेथे पडला, त्याला तो मान हवाच. पण पहिले हर्क्युलिस अंधारात धावपट्टीवर उतरवणारे योशुआ शानी यांचे नाव किती घरांत आहे? आणि विमानात मोटारी बांधणारा, पेट्रोलचे गणित करणारा, मागचे दार उघडणारा, यांची नावे तर विचारूच नका.

तेव्हा पुस्तकांविषयी माझा अभिप्राय असा. चॅपमन यांचे पुस्तक अवश्य वाचावे. युद्धावरील पुस्तकांत इतके खरे पुस्तक क्वचित सापडते. पण ते एकटे वाचू नये. त्याच्या जोडीला ओब्रायन वाचावे, म्हणजे शेवटाकडे ऐकू येणारी ती घरघर कोणाची, हे कळेल. आणि दोन्ही मिटल्यावर १९४८ व १९४९ आठवावे, कारण तिथपर्यंत ही पुस्तके आपल्याला नेत नाहीत. इंग्रजी वाचणे ज्यांना जड जाते, त्यांच्यासाठी कोणीतरी या कथेचा मराठीत सारांश करावा. खडकवासला, कोलार, जेसोर ही नावे ज्या कथेत आहेत, ती कथा मराठीत नसावी, हे काही बरे नाही.

परत आल्यावर पहिल्याच शाब्बाथला नातू जेवायला आला. किद्दूश झाल्यावर मी त्याला लिबरेटरच्या भोकाशी बसणाऱ्या त्या पोराची गोष्ट सांगितली. जुलैच्या पेट्या आणि सप्टेंबरच्या पेट्या, दोन्ही सांगितल्या. त्याने लक्ष देऊन ऐकले. मग विचारले, ‘‘त्या पोराला नंतर कळले का, खाली कोण होते ते?’’

मी म्हणालो, ‘‘बहुतेकांना नाही.’’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याच्या आजीला म्हणाला, ‘‘रविवारी पहाटे निघायचे आहे. लवकर उठव. माल माझ्याच हाताने बांधायचा आहे.’’